रांगेतल्या काकांना, आईच्याही वतीने

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, हे मला रिक्षात बसल्यावर आठवलं. नंबरही घेतला नाही. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. खूण सांगते: जानेवारी, पिफची (पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची) रांग, तुम्ही माझ्या पुढे. हाफ स्वेटर, खांद्याला किराणा दुकानाची पिवळी कापडी पिशवी आणि तिच्यात जेवणाचा स्टीलचा डबा. वेळापत्रकावर लाल पेनाने खुणा चालल्या होत्या.

त्या दिवशी मी रांगेत पुढच्या-मागच्या सगळ्यांनाच पिडत होते. ज्यात कुणी बोलत नाही असे सिनेमे सांगा म्हणून. आईला गेल्या तीन-चार वर्षांत ऐकू येईनासं झालंय. कानाचं मशीन आहे, पण ते डाळीच्या डब्याशेजारी पडून असतं, कारण घातलं की तिला भांडी घासल्यासारखा आवाज येतो. मालिका तिने स्वतःच बंद केल्या. पडद्याखाली येणारं इंग्रजी तिला वाचता येत नाही, आणि मराठीत असतं तरी तिचं वाचून होईपर्यंत माणूस बोलून निघून गेलेला असतो.

रांगेने हात आखडता घेतला नाही, हे कबूल केलं पाहिजे. कॉलेजच्या दोन पोरांनी धडाधड नावं सांगितली, एका बाईंनी ‘मूकपट लावा की’ म्हणून विषयच मिटवला. तुम्ही मात्र एकही नाव न घेता विचारलंत, “आई दिवसभर काय बघत बसतात?”

मी म्हटलं, समोर इमारतीचं काम चाललंय, ते. स्लॅब भरायचा असला की दुपारची झोपही घेत नाही. सळया कोण वाकवतं, पाणी कोण मारतं, मुकादम कुठे सावलीला बसतो, सगळं तिला ठाऊक.

“मग त्यांना काम बघायला आवडतं,” तुम्ही म्हणालात, आणि वेळापत्रकाच्या पाठीमागे लिहायला लागलात. माझी आई कंटाळलीय, एवढंच मी धरून चालले होते. तिला काही ‘आवडतं’, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तर त्या कागदाचा हिशोब द्यायचाय.

पहिल्यांदा ‘पुष्पक’ लावला, कारण तो मी लहानपणी पाहिलेला. आई हसली, कमल हासन तिला आवडला, बर्फाचा सुरा घेऊन फिरणाऱ्या मारेकऱ्यावर तर ती खूशच झाली. पण एके ठिकाणी गाडी अडली. हॉटेलच्या शांततेत कमल हासनला झोप येत नाही, म्हणून तो आपल्या जुन्या खोलीशेजारच्या थिएटरातली मारामारी टेप करून आणतो आणि ती लावून झोपतो. आख्खा विनोद कानाचा! आई माझ्याकडे बघतेय, मी हातवारे करतेय. संवाद नाहीत म्हणजे आवाज नाहीत असं नव्हे, हे मला तिथे कळलं.

तुम्हाला ते आधीच माहीत असणार, कारण कागदावर ‘पुष्पक’च्या खाली ‘सिटी लाइट्स’ होता. 1931 साल, बोलपट येऊन स्थिरावलेले, आणि चॅप्लिन अजून तोंड उघडायला तयार नाही. तो उभ्या मोटारीच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडतो, दार लागतं, आणि आंधळी फुलवाली त्याला गाडीवाला साहेब समजते. इथेही सगळा खेळ दाराच्या आवाजाचाच, पण तो आईला दिसला: मुलीची मान वळली, तेवढ्याने. हा प्रसंग जमेपर्यंत चॅप्लिनने शेकडो टेक घेतले म्हणतात. ते आईच्या कामी आले. मधे मधे पडद्यावर येणाऱ्या संवादांच्या पाट्या मी वहीवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून दाखवत होते. शेवटाकडच्या ‘आता दिसतं तुम्हाला?’ या पाटीची वही तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि परत दिलीच नाही.

बस्टर कीटनचा ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ तिने तीनदा बघितला. खरं तर एकच जागा तीनदा. वादळात घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो माडीच्या उघड्या खिडकीतून सलामत उभा राहतो. “परत लाव.” मग बांधकामवाल्याच्या नजरेने: “भिंत खरी हाय. जमिनीला बसली तवा धुरळा बघितलास?”

सगळंच जमलं असं नाही. ‘रेड टर्टल’ मला फार आवडला, आईचा त्यावरचा अभिप्राय ‘कासवाची बाई झाली’ एवढाच. जाक तातीच्या ‘प्लेटाइम’ला तुम्ही तीन चांदण्या दिल्या होत्या. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, “एवढ्या काचा पुसतं कोण?” आणि उठून लसूण सोलायला गेली. काका, या बाबतीत मी आईच्या बाजूने आहे.

आता त्याबद्दल, ज्याच्यासाठी खरं हे पत्र.

कागदाच्या तळाशी तुम्ही लिहिलं होतं: ‘नेकेड आयलंड, जपान, 1960, कानेतो शिंदो. हा एकटीने बघू देऊ नका.’ मला वाटलं, काहीतरी भयंकर असणार. तर एक नवरा, एक बायको, दोन मुलगे आणि समुद्रातलं एक उघडं बेट, ज्यावर गोडं पाणी नाही. रोज होडीने शेजारच्या बेटावर जायचं, बादल्या भरायच्या, कावड खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि एकेका रोपाला पळीपळीने पाणी घालायचं. जमीन ते क्षणात पिऊन टाकते. मग पुन्हा होडी. जवळजवळ पूर्ण सिनेमाभर कुणी एक शब्द बोलत नाही.

आई पहिल्या चढालाच पुढे सरकून बसली. “डोक्यावर का घेत न्हाय ती?” थोड्या वेळाने स्वतःशीच, “कावडीला वाट सरळ लागती. हितं पाय तिरका पडतोय.” मग ती उठून आत गेली. मला वाटलं, हाही सिनेमा गेला. ती जुन्या लुगड्याचा पट्टा घेऊन आली, बघता बघता पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तशीच पुन्हा बघायला बसली. चाळीस वर्षांत मी तिच्या डोक्यावर चुंबळ पाहिली नव्हती.

पुढे ती बाई अडखळते, एक बादली सांडते. नवरा शांतपणे जवळ येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. मी आईकडे बघितलं. तिची नजर बादलीवर होती.

रात्री जेवताना ती बोलली. तिचं बोलणं आता मोठ्याने असतं, शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं असेल. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि बहात्तरचा दुष्काळ आला. माण तालुक्यातलं गाव, विहिरी कोरड्या, दिवसा खडी फोडायची, सुकडी खायची आणि पहाटे पाण्याला जायचं. एकदा घराच्या उंबऱ्याशी येऊन हंडा कलंडला. “तुझ्या आजीनं हात न्हाय उचलला. बोलल्याबी न्हाईत. नुसत्या ओल्या मातीकडं बघत बसल्या. मारलं असतं तर बरं झालं असतं.” मग तिने माझ्या ताटात भात वाढला आणि तो नवरा वाईट माणूस नव्हता, असा निकाल दिला. मी वाद घातला. तिला ऐकू आलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं.

हे मला आजवर माहीत नव्हतं. दुष्काळ माहीत होता, खडी माहीत होती, हा हंडा नव्हता. तुम्ही ‘एकटीने बघू देऊ नका’ लिहिलं नसतंत, तर मी तिला तो लावून देऊन भाजी आणायला गेले असते.

काका, मनापासून आभार. त्या कागदाला मी प्लास्टिकचं कव्हर घातलंय, कारण तो स्वयंपाकघरात फ्रिजवर असतो आणि आई फोडणीच्या हातानेच त्यावर बोट ठेवून ‘आज हा’ म्हणते.

आता तिची मागणी: विहीर खोदताना दाखवलीय असा एखादा असेल तर सांगा. पाणी लागलंच पाहिजे अशी तिची अट नाही. आणि समोरच्या इमारतीचं काम पुरं होत आलंय, तेव्हा जरा लवकर.

पुढच्या जानेवारीत मी त्याच रांगेत असेन. आईही येणार म्हणतेय. तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून घडीची खुर्ची आणतेय. तुम्ही दिसलात तर तिच्या उजव्या बाजूला उभे राहा, त्या कानाने थोडं येतं.

आपली,
रांगेत तुमच्या मागे उभी असलेली