रायन संस्कृत नाही हो!

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी भाच्याचं बारसं झालं, नाव रायन. आत्या म्हणून कानात नाव मीच सांगितलं, नावाबद्दल तक्रार काहीच नाही. पण पाळण्यामागच्या फ्लेक्सवर छापलं होतं 'रायन, संस्कृत, अर्थ छोटा राजा', आणि तुमच्या पुरवणीतल्या बाळांच्या नावांच्या यादीतही अगदी तेच, म्हणून हे पत्र.

अहो, रायन हे आयरिश आडनाव आहे. मूळ 'ओ रिअन'. ओ म्हणजे नातू, वंशज. (मुलगी असेल तर ओ जाऊन 'नी' लागतं.) आपलं आडनाव बहुतेक वेळा गाव सांगतं, आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं मालवणजवळचं वराड सांगतं तसं, तिकडे आजोबा-पणजोबा सांगतात. टिपरेरी आणि लिमरिक भागात तर इतके रायन की ओळखायला घराण्यांना टोपणनावं लागली, एक घराणं रायन बॉन, म्हणजे गोरे रायन.

आडनावाचं पहिलं नाव झालं ते अमेरिकेत. १९६४ पासून 'पेटन प्लेस' या टीव्ही मालिकेत दिसणारा आणि १९७० च्या 'लव्ह स्टोरी'चा हिरो रायन ओनील, त्याच्यानंतर हे नाव जे सुटलं ते १९८० च्या दशकात मुलांच्या पहिल्या वीस नावांत. आता गंमत बघा, आयर्लंडमध्ये हल्ली 'रीअन' असं जुन्या स्पेलिंगने ठेवतात, आय वर तिरकी रेघ देऊन, आपली दुसरी वेलांटीच समजा, आणि गेल्या काही वर्षांत ते तिथल्या टॉप टेनमध्ये आहे. म्हणजे आपल्याकडे कुणी 'रियान' म्हटलं तर ते इंग्रजी रायनपेक्षा मुळाच्या जवळ! अरबी रय्यान मात्र वेगळंच, ते स्वर्गाच्या एका दाराचं नाव, रोजे ठेवणाऱ्यांसाठीचं.

'छोटा राजा' हा अर्थ तिकडेही सांगतात पण जाणकार त्यावर पैज लावत नाहीत. आयरिशमध्ये राजाला 'री' म्हणतात आणि ते आपल्या राजन् चं लांबचं भावंड, हे मात्र खरं. तेवढं छापा की, उगाच संस्कृतचा शिक्का कशाला?

आमच्या आईला हे सगळं सांगून झालं, ती त्याला पहिल्या दिवसापासून रायबा म्हणते.

एक आत्या, डोंबिवली