आधी काडतूस ठरव, मग पिस्तूल

प्रिय मिलिंद,

ग्रीन कार्ड हातात आल्यावरच तू पिस्तुलाचा विचार करतोयस, हे बरं झालं. तुझा भाचा मात्र अजून एच-वन-बीवर आहे. त्या व्हिसावर, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगू देत नाही. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याचं पिस्तूल हातात घेणंही त्यात येतं, तेव्हा हौसेनं त्याला सोबत नेऊ नकोस.

आता कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप. आपल्याकडे ९ मिलिमीटर निषिद्ध बोअर, म्हणजे सामान्य माणसाला न मिळणारं माप, म्हणून परवानाधारक .३२ (हे माप इंचात) घेतात आणि खडकीच्या कारखान्याची काडतुसं वापरतात. ती सवय टेक्सासात नेऊ नकोस. तिथे .३२ महाग पडतं आणि बऱ्याच दुकानांत मिळतही नाही. ९ मिलिमीटर मात्र कुठल्याही दुकानात असतं आणि सरावाची ५० काडतुसं साधारण १२ ते १५ डॉलरला येतात. .४५ एसीपीची तेवढीच २० डॉलरच्या पुढे जातात. महिन्याला २०० गोळ्यांचा सराव धर: ९ मिलिमीटरला ५० ते ६० डॉलर, तर .४५ ला ८० ते ९०. वर्षाअखेर या फरकातून दुसरं बरं पिस्तूल येईल. २०२० नंतरच्या टंचाईत ९ मिलिमीटरही गायब झालं आणि भाव कितीतरी पट चढले, पण .३८०, म्हणजे छोट्या पिस्तुलांचं काडतूस, शोधणाऱ्यांचे हाल जास्त झाले. खप मोठा असलेलं काडतूस कारखाने आधी काढतात.

वहिनींसाठी लहान, हलकं घ्यावं असं तुला वाटतंय, तिथे मी तुला अडवणार. हलकं पिस्तूल पर्समध्ये सोपं असतं, हातात नाही. काडतूस तेच असेल, तर वजन कमी झालं की धक्का वाढतो. सव्वाचारशे ग्रॅमचा .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर दिसायला खेळण्यासारखा, पण त्याचा चाप ओढायला पाच किलोंच्या आसपास जोर लागतो आणि दहा गोळ्यांत तळवा दुखायला लागतो. छोट्या .३८० पिस्तुलांचंही तसंच. त्यांतल्या अनेकांत नळी आणि स्लाइड (गोळी सुटली की मागे सरकणारा वरचा भाग) एकमेकांत अडकत नाहीत. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळा भार असतो. म्हणून स्प्रिंग कडक, स्लाइड ओढायला जड आणि काडतूस दुबळं असूनही झटका तीक्ष्ण. ९ मिलिमीटरच्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड क्षणभर अडकून एकत्र मागे येतात, त्यामुळे ग्लॉक १९ सारखं सहाशे ग्रॅमचं पिस्तूल पुष्कळ सौम्य लागतं. त्याचीही स्लाइड वहिनींना ओढवली नाही, तर स्मिथ अँड वेसनचं .३८० शील्ड ईझी बघा. ते मुद्दाम हलक्या हातांसाठी केलेलं आहे.

.४० चा मोह नको. ९० च्या दशकात पोलीस त्यामागे लागले होते, नंतर एफबीआयच ९ मिलिमीटरवर परत आली. झटका जास्त, फायदा फारसा नाही.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्यानं चालवा. प्रत्येकी ५० गोळ्या, सात यार्डांवर, पाच-पाचच्या फैरीत. पहिल्या नव्हे, शेवटच्या दहा गोळ्यांची भोकं बघायची. ती पसरली असतील तर हात थकलाय. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली काडतुसांची पेटी, भरताना मध्येच एखादं डमी (न उडणारं) काडतूस तुमच्यापैकी दुसऱ्यानं घालावं. ते आलं की चाप ओढताच नळीचं तोंड खाली झुकलं, तर मन धक्क्याला आधीच घाबरतंय. तसं दिसलं, तर महिनाभर .२२ चालवा, त्याची गोळी सात-आठ सेंटना पडते. .२२ मध्ये अधूनमधून काडतूस उडत नाही, कारण त्याचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो आणि काही वेळा सगळीकडे सारखा पसरत नाही. उडालं नाही, तर नळी निशाण्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, मग काढायचं.

रिकामं टरफल स्लाइडमध्ये उभं अडकायला लागलं, तर काडतुसाला दोष देण्याआधी मनगट बघ. ते सैल पडलं की स्लाइडला मागे पूर्ण जायला आधार मिळत नाही.

काडतुसांचा डबा घेताना त्यावर छापलेलं नाव नळीवरच्या नावाशी जुळव. ९ मिमी लुगर, पॅराबेलम आणि ९ बाय १९ हे एकच. ९ मिमी शॉर्ट किंवा कुर्त्स म्हणजे .३८०, आणि माकारोव्ह ९ बाय १८ हे तिसरंच. सरावाला ११५ ग्रेन वजनाची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) फुल मेटल जॅकेट, म्हणजे धातूचं वेष्टन असलेली गोळी पुरे. चुंबकाला चिकटणारी गोळी अनेक रेंज चालू देत नाहीत.

मुलं घरात आहेत, म्हणून झटपट उघडणारी कुलपाची पेटी पिस्तुलासोबतच आण. मुलाच्या हाती पडेल असं ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे. रेंजवरून आल्यावर काही खाण्याआधी गार पाण्यानं आणि साबणानं हात धुवा, शिशाची भुकटी हातावर राहते.

चाचणी झाली की दोघांच्या टार्गेटचे फोटो पाठव, गोळ्यांच्या क्रमासकट. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश