तंजावरच्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. घरी सुखरूप पोचल्याचं फोनवर कळवलं होतंच. पण आभार मानायला लागले की तुम्ही "अहो, असू द्या" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण निघताना तुम्ही आमच्याकडे एवढंच मागितलंत, "तिकडं गेल्यावर लोकांना सांगा, तंजावरात अजून मराठी बोलतात." काका, सांगते आहे.

नाताळच्या सुट्टीतली ती गर्दी तुम्हाला आठवत असेल. त्रिचीहून दिवसभरासाठी ठरवलेला गाडीवाला आम्हाला बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या दाराशी सोडून दुसऱ्या भाड्याला निघून गेला. अण्णांना काठीशिवाय चालवत नाही, मुलांच्या पोटात काही नाही, तमिळ आमच्यापैकी कुणालाच येत नाही. आता कसं करायचं, असं मी आणि माझा नवरा चपला ठेवायच्या जागी बोलत होतो, तेवढ्यात मागून तुम्ही विचारलंत, "मराठी का तुम्ही? कुठले?" तुम्ही दर्शन घेऊन घरी निघाला होतात. पण संभाजीनगरचे म्हटल्यावर तुम्ही पिशवी खांद्यावर टाकलीत आणि आमच्याबरोबर परत आत आलात. मुलांच्या हातावर आधी प्रसादाचा भात पडला, मग इतिहास.

देवळाची माहिती मी घरून वाचून आले होते. राजराज चोळानं 1010 मध्ये पूर्ण केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखर, सगळं ग्रॅनाइटचं. तुम्ही मात्र आकड्यांत फार रमला नाहीत. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं कुणीतरी धाकट्याला सांगितलं होतं. तुम्ही त्याला काही न बोलता देवळाच्या मागच्या अंगाला नेलंत आणि त्या सावलीतच उभं केलंत. मग जोत्यावरच्या तमिळ ओळींपाशी थांबून सांगितलंत, की राजानं आज्ञा केली, मी दिलेलं, माझ्या अक्कानं दिलेलं, माझ्या बायकांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा. देवळात नाचणाऱ्या चारशे जणींची नावं, त्या कुठल्या आळीत राहायच्या तेसुद्धा तिथं आहे, हे ऐकून माझी मुलगी किती वेळ त्या भिंतीपाशीच घुटमळत होती! हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाला या बायकांची नोंद ठेवावीशी वाटली, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण मला खरं लिहायचं आहे ते त्या नैऋत्येकडच्या ओवरीबद्दल.

तंजावरच्या भोसले घराण्यातल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास तिथल्या भिंतीवर मराठीत, देवनागरीत कोरून घेतला, हे मला ठाऊक होतं. समोर उभं राहिल्यावर काय होतं ते ठाऊक नव्हतं. अण्णांची नोकरी भूमी अभिलेख खात्यात झाली. जुनी दफ्तरं वाचण्यात आयुष्य गेलं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन फार दिवस झाले नव्हते आणि ओवरीत उजेड कमी, त्यामुळे त्यांना अक्षरं लागेनात. त्यांचा चेहरा उतरलेला तुम्ही माझ्याआधी पाहिलात. कुठूनसं प्लास्टिकचं स्टूल आणलंत, त्यांना बसवलंत आणि मोबाईलचा टॉर्च भिंतीवर समोरून न मारता एका कडेनं, तिरका धरलात. एकेका अक्षराच्या खाचेत सावली भरली आणि ओळ वर उठून आली. अण्णा मोठ्यानं वाचायला लागले. मालोजीराजे सापडले तेव्हा त्यांचा आवाज चढला, कारण मालोजीराजांचं वेरूळ आमच्या घरापासून तासाभरावर आहे.

एक भाग संपला की तुम्ही त्यांना हात देऊन उठवायचात, स्टूल पुढं सरकवायचात, पुन्हा टॉर्च. असं किती वेळ चाललं ते मी पाहिलं नाही. दार बंद व्हायची वेळ झाल्याचं सांगायला माणूस आला, तेव्हा तुम्ही त्याच्याशी तमिळमध्ये बोलून अण्णांना ती ओळ पुरी करू दिलीत.

मग बाहेर येताना तुम्ही सहज म्हणालात, की ही भिंत लहानपणापासून बघत आलो, पण आज पहिल्यांदा ऐकली. तुमचं शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झालं. मराठी घरात, आईच्या तोंडून आली, ती बोलण्यापुरतीच राहिली. देवनागरी कधी शिकायला मिळाली नाही. घरचा हिशेब आणि देवीची आरतीसुद्धा तुम्ही तमिळ अक्षरांत लिहून ठेवली आहे. काका, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे तिकडे गेले त्याला साडेतीनशे वर्षं होत आली, भोसल्यांचं राज्य 1855 मध्ये गेलं. तरी तुमच्या घरात आज सुनेला मराठीतून हाक मारतात. आम्ही आपल्याच गावात राहून मुलांशी निम्मं इंग्रजीत बोलतो. तुम्हाला आमचं कौतुक वाटत होतं, पण ते तुमचं व्हायला हवं.

दुपारी तुम्ही हॉटेलात जाऊ दिलं नाहीत. काकूंनी ऐनवेळी आलेल्या पाच माणसांसाठी केळीची पानं मांडली. त्यांची डांगर पचडी, उडदाचं पीठ दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी, आमच्या आजीच्या डांगराची सख्खी बहीण होती. अण्णांनी तीनदा वाढून घेतली. काकूंना माझा वेगळा नमस्कार सांगा, त्यांच्यासाठी या पत्रातल्या चार ओळी पुरणार नाहीत.

सरस्वती महाल ग्रंथालयात वेळ थोडा मिळाला. तिथं मोडी दफ्तराचे हजारावर रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत हे ऐकून अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आणि सरफोजीराजांनी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रं काढून ठेवल्या होत्या, हे तुम्ही त्यांना मुद्दाम सांगितलंत, त्यांचं ऑपरेशन लक्षात ठेवून. संध्याकाळी त्रिचीला जायला ओळखीची गाडी बघून दिलीत, भाडं आधीच ठरवून, आणि आम्ही पोचेपर्यंत दोनदा फोन केलात. पैशांचं पाकीट पुढं केलं तेव्हा तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही, पण उतराई व्हायचा दुसरा रस्ता आम्ही शोधला आहे.

मी काढलेले भिंतीचे फोटो अण्णा भिंगाखाली धरून वहीत उतरवताहेत. तुम्हाला वही पाठवून उपयोग नाही, म्हणून जेवढं उतरवून होतं तेवढं ते मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात. पहिला भाग व्हॉट्सॲपवर आला असेल. अडलेल्या जागी ते थांबतात आणि "इथं नीट लागत नाही" असं सांगतात. त्या जागा तुम्ही देवळात गेलात की टॉर्च तसाच तिरका धरून, जवळून फोटो काढून पाठवा, असा त्यांचा निरोप आहे.

आणि वेरूळ तुम्ही अजून पाहिलेलं नाही, हे मी विसरलेले नाही. मालोजीराजांची गढी आहे, त्यांनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वराचं देऊळ आहे, लेणी तर आहेतच. उन्हाळ्यात नको, आमच्याकडचं ऊन काकूंना सोसायचं नाही. पाऊस संपला की या, दोघंही या, स्टेशनवर अण्णा स्वतः येणार आहेत.

आपली,
संभाजीनगरची सून