मदरशाच्या मदतीबाबत सभासदांना आठवण

अस्सलामु अलैकुम. जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान (निसाब, म्हणजे ठरलेली किमान संपत्ती, पूर्ण असेल तर वर्षभर टिकलेल्या शिलकीच्या २.५ टक्के) देताना पावतीवर ‘जकात’ की ‘इमदाद’ (ऐच्छिक देणगी) हे स्पष्ट लिहून घ्या. जकातीवर हक्क गरीब मुलांचा. बहुतेक उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) मते ती इमारतीला किंवा उस्तादांच्या पगाराला चालत नाही. त्यासाठी वेगळी देणगी लागते, आणि नेमकी तीच कमी पडते. १८६६ साली सुरू झालेलं देवबंदचं दारुल उलूम (इस्लामी शिक्षणसंस्था) लोकांच्या वर्गणीवरच उभं राहिलं.

पैशांइतकाच वेळही हवा आहे. सबक (पाठ) ऐकवून झाला की हीच मुलं गणिताची वही उघडून बसतात, आणि अडलेलं उदाहरण समजावायला कुणी नसतं. आठवड्यातून तासभर जमेल त्यांनी नाव कळवा. इतर धर्मांच्या शेजाऱ्यांनाही वर्ग पाहायला जरूर घेऊन या. हिशेबाची वही सर्वांसाठी खुली आहे.