वणव्याच्या धुराचं काय?

महोदय,

मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात वणवे पेटले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. आग सगळ्यांनी पाहिली. धूर मात्र आमच्या घरात राहिला. सकाळी दोरीवरच्या लुगड्यावर काळी राख, घशात कडवटपणा. आईला दमा. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून तिला आतल्या खोलीत निजवलं, पण त्या उकाड्यात किती वेळ? तोंडाला पदर लावून हा बारीक धूर अडत नाही, एन-९५ मास्क लागतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. काजूचा आणि वणव्याचा हंगाम एकच. बागेत जावंच लागतं. सरकारला एवढंच सांगणं: फेब्रुवारीतच गावोगावी मास्क वाटा, दमेकऱ्यांची यादी करा.

– एक काजू बागायतदार, सत्तरी