परात व्हँकुव्हरला चालली आहे

नोव्ही, मिशिगन
२१ जानेवारी २०२६

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" म्हणतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. म्हणून लिहायला बसलो. सोबतच्या डबीत हलवा आहे. आधी पत्र वाच, मग डबी उघड. उलट केलंस तर पत्र राहून जाईल, मी ओळखतो तुला.

गेल्या शनिवार-रविवारी आम्ही मिसिसागाला बेबीआत्याकडे जाऊन आलो. ग्रुपवरचे फोटो तू पाहिले असशीलच. पण त्यात सगळे काळ्या कपड्यांत रांगेने उभे राहून हसतायत, त्यावरून काही कळायचं नाही.

निमित्त दादाच्या लेकाच्या बोरन्हाणाचं. दादाला व्हँकुव्हरला नोकरी लागली आहे आणि महिनाअखेर ते तिघं तिकडे निघालेत. माईआजी आता ८६ वर्षांची. एवढा विमानप्रवास आपल्याला जमायचा नाही, असं तिने आधीच जाहीर करून टाकलंय. तेव्हा बेबीआत्याने सगळ्यांना फर्मान सोडलं, "कारणं सांगायची नाहीत. हवामान मलाही दिसतं." सोमवारी आपल्याकडे मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी, ओंटारियोत नाही. त्यामुळे त्यांना सोमवारी कामावर जायचं होतं, आणि आम्हाला निवांत परतायला एक दिवस होता.

शनिवारी भल्या पहाटे निघालो. डेट्रॉईटहून विंडसरला, म्हणजे कॅनडात, जायचं तर दक्षिणेकडे जावं लागतं. हे तुला लहानपणी सांगितलं की तू नकाशा उलटा धरून भांडायचीस. अँबॅसेडर पूल ओलांडला तर पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, खायचं काही सोबत आहे का? तुझ्या आईने गुळाच्या पोळ्या, तिळाच्या वड्या, बाजरीचं पीठ, कारळ्याची चटणी असा सगळा हिशोब दिला. मागे रांग वाढत होती. चटणीपर्यंत पोचल्यावर त्याने हातानेच 'जा' म्हटलं. पुढे ४०१ हायवेवर, ओंटारियोतल्या लंडनच्या अलीकडे, ह्युरॉन सरोवरावरून बर्फाचा असा झोत आला, की पुढच्या ट्रकचे लाल दिवेही दिसेनात. चार तासांच्या रस्त्याला सहा लागले. आई वाटेत एकदाही "परत फिरू या" म्हणाली नाही. मी मात्र मनात म्हणत होतो, आणि त्याचं कारण बर्फ नव्हतं.

ओटावाहून अप्पाकाका येणार होता.

तुला अप्पाकाका आठवत असला तर वाईच्या वाड्यातला आठवेल. मधल्या आळीतल्या आपल्या वाड्यात तू चार वर्षांची असताना गेली होतीस. तू आणि दादा झोपाळ्यावरून भांडलात आणि अप्पाकाकाने तुम्हा दोघांना उचलून घाटावर नेलं होतं. त्यानंतर वर्षभरात वाटणीवरून मोठी माणसं कोर्टात गेली. कुणाचं चुकलं ते मी लिहीत नाही. दावा मिटला, वाडा पडला, तिथे चार मजली इमारत उभी राहिली. माझे वडील गेले, अप्पाचे वडील गेले. वाड्यातला वाटा कुणाला कमी आला, कुणाला जास्त. अबोल्याची वाटणी मात्र समसमान झाली. मी मिशिगनात, तो ओटावात. नदीपलीकडच्या देशात सख्खा चुलतभाऊ, आणि दिवाळीला एक 'शुभ दीपावली' ग्रुपवर, तीसुद्धा सगळ्यांना मिळून.

बेबीआत्याने आम्हाला एकाच खोलीत झोपायला दिलं. मुद्दाम. तिला विचारलं तर म्हणते, घरात गाद्या तेवढ्याच आहेत.

आता हलव्याचं सांगतो. माईआजी शुक्रवारपासून हलव्याला बसली होती. तुला वाटत असेल तीळ साखरेत घोळवले की झालं. तसं नसतं. तीळ परातीत कोमट करायचे. साखरेचा एकतारी पाक करायचा, त्यात चमचाभर दूध टाकून वर येणारी मळी काढून टाकायची. मग पाक चमच्याने थोडा थोडा तिळावर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी गोल गोल फिरवत राहायचं, तो सुकेपर्यंत. सुकला की पुढचा चमचा. आच वाढली तर साखर विरघळते, हात जड पडला तर आलेला काटा मोडतो, आणि हवा दमट असली तर काटा येतच नाही. म्हणून वाईला बायका थंडीत पहाटे उठून हे करायच्या. मिसिसागात बाहेर उणे १७, आणि घरात हीटरने सुकवलेली हवा. माईआजीने अंगणाकडचं दार वीतभर उघडं ठेवायला लावलं आणि काटा बघून म्हणाली, "वाईत असा कधी आला नाही. या मेल्या थंडीचा हा एकच उपयोग." परात तीच, वाड्यातली पितळी, तिच्या सासूबाईंची, मुंबईहून विमानात कपड्यांत गुंडाळून आणलेली.

पण तिची बोटं आता आखडतात. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तिने खुर्ची ओट्याजवळ ओढली आणि मला नि अप्पाला म्हणाली, "बसा दोघं. आळीपाळीने फिरवा. मी बघते." एक ब्रेकच्या चाचण्या करणारा इंजिनीअर, दुसरा बँकेत लोकांची कर्जं तपासणारा. दोघंही साठीला टेकलेले. विजेच्या शेगडीसमोर, एका परातीत दोन हात.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अप्पा म्हणाला, "पाक जास्त सोडलास."

मी म्हटलं, "पाक बरोबर आहे, तुझा हात जड आहे."

माईआजी म्हणाली, "दोघांचेही जड आहेत. दावा लावल्यासारखं काय ढवळताय? काटे मोडले सगळे."

अप्पा आधी हसला. वाड्याचा विषय त्यानंतरही निघाला नाही, आणि मला वाटतं निघायची गरजही नाही. आम्ही कोलेस्टेरॉलवर बोललो, बर्फ उडवायच्या यंत्रावर बोललो (त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे, कुठलं ते लिहून घेतलंय), मुलांवर बोललो. दोन वाजता माईआजी खुर्चीतच पेंगायला लागली तेव्हा आम्ही थांबलो. तुझ्या डबीत जे ओबडधोबड, बिनकाट्याचे दाणे दिसतील ते आमचे.

त्याआधी रात्री नऊला वाईला फोन लावला होता. तिकडे रविवारची सकाळ, साडेसात. वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत अप्पाचा मोठा भाऊ राहतो. त्याने गॅलरीतून नदी दाखवली, धुक्यात घाट दाखवला. इकडे दहा-बारा डोकी एका फोनवर वाकलेली. त्याने मला "काय रे, केस कुठे गेले?" असं विचारलं. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाने दुसरं काय विचारायचं!

आणि भोगी! ती खरं तर मंगळवारीच होऊन गेली होती, पण परदेशात सगळे सण शनिवारी येतात. वांगी, गाजर, पावटे, ओले हरभरे, तिळाचं कूट. हरभरे आणि पावटे फ्रोझन, पण भाजी झकास. बाजरीच्या भाकरी तुझ्या आईने थापल्या आणि अप्पाकाकाच्या धाकटीने चार खाल्ल्या. या मुलीला तू भेटायला हवंस. कॉलेज अर्धवट सोडून टॅटूचं दुकान चालवते. दोन्ही दंड रंगवलेले. अप्पा त्यावर बोलत नाही, नुसता छताकडे बघतो. माईआजीने तिला जवळ बसवून स्वतःच्या मनगटावरचं गोंदण दाखवलं, लहानपणी मांढरदेवीच्या जत्रेत काढून घेतलेलं, आता हिरवट फिकं झालेलं. मग दोघींची सुयांवर चर्चा. तेव्हा किती दुखलं, आता किती दुखतं. अप्पाला जेवताना ठसका लागला.

रविवारी बोरन्हाण. पाटावर काळं झबलं घातलेला दहा महिन्यांचा गडी, डोक्याला हलव्याचा मुकुट, गळ्यात हार. हार त्याने पहिल्या मिनिटात तोंडात घातला. चुरमुरे होते, उसाचे करवे व्हिएतनामी दुकानात मिळाले, बोरं मात्र मिळाली नाहीत. म्हणून कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून ब्लूबेरी आल्या. डोक्यावरून ओतल्या, पोरं वेचायला तुटून पडली, आणि बेबीआत्याच्या पांढऱ्या गालिच्याचं जे झालं ते फोटोत कुणी दाखवलेलं नाही. हळदीकुंकवाला आत्याने वाण काय लुटलं असेल? गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे स्क्रॅपर. इतकं उपयोगी वाण मी आजवर पाहिलं नाही. आणि एक गोष्ट मला फार बरी वाटली: आत्याने पहिलं हळदीकुंकू माईआजीला लावलं. अण्णा गेल्यापासून वाईत तिला कुणी बोलावत नसे. ती काही म्हणाली नाही, कपाळ पुढे केलं आणि स्क्रॅपर मागून घेतला. गाडी चालवत नाही, तरी.

चिमणे, इथल्या आपल्या मित्रमंडळींबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मंडळातल्या लोकांनी महिनाभर डबे पोचवले. एकाही चुलत्या-मावळ्याला ते शक्य नव्हतं. पण ती माणसं आपण पारखून घेतलेली असतात. आपल्याच वयाची, आपल्यासारख्याच नोकऱ्यांची, आपल्यासारखीच घरं घेतलेली. त्यांच्यात ८६ वर्षांची म्हातारी नसते, दहा महिन्यांचं पोर नसतं, कॉलेज सोडलेली पुतणी नसते, आणि ज्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलेलंही कुणी नसतं. पटलं नाही की पुढच्या पार्टीला बोलवायचं नाही, संपलं. नातेवाईक पदरी पडलेले असतात. ते वाटेल ते विचारतात, नको ते बोलतात, आणि तरी पुढच्या वर्षी तिथेच असतात. मला वाटतं, आपल्याला न आवडणाऱ्या माणसाच्या शेजारी गादी घालून झोपायची सवय दुसरीकडे कुठे लागत नाही. तुझ्या पिढीला ती सवय लागावी असं मला फार वाटतं. यावर तू वाद घालशील. घाल.

आता कामाचं. माईआजीने परात वहिनीला देऊन टाकली. वहिनी ब्रॅम्प्टनची पंजाबी. त्यांच्याकडे लोहडीला तीळगूळ, रेवड्या, गजक, त्यामुळे तिळाशी तिची ओळख जुनीच. तीन दिवस ती आजीच्या शेजारी उभी होती. साखर वजन करून लिहून घेतली, बोटांचे व्हिडिओ काढले. आत्याचं तोंड जरा उतरलं होतं, परात आपल्याकडे येईल असं तिला वाटत होतं. माईआजी म्हणाली, "तू कधी हात लावलास का तिला?" विषय संपला. तर परात व्हँकुव्हरला चालली आहे, आणि व्हँकुव्हरच्या सगळ्यांत जवळचं आपलं माणूस म्हणजे तू. सिअॅटलहून २३० किलोमीटर.

१६ फेब्रुवारीला तुला प्रेसिडेंट्स डेची सुट्टी आहे. ब्रिटिश कोलंबियात त्याच सोमवारी फॅमिली डे असतो; पूर्वी तो दुसऱ्या सोमवारी यायचा, २०१९ पासून तिसऱ्या सोमवारी येतो. म्हणजे दोन्हीकडे सुट्टी. अॅमट्रॅकची कॅस्केड्स गाडी साधारण चार तासांत नेते, पण सुट्टीच्या दिवसांत भरते, तेव्हा तिकीट आत्ताच बघ. गाडीने गेलीस तर ब्लेनला हद्दीवर पीस आर्च लागेल, १९२१ सालची कमान. तिच्यावर अमेरिकेच्या बाजूने 'एकाच आईची लेकरं' अशा अर्थाचं वाक्य कोरलंय, कॅनडाच्या बाजूने 'एकोप्याने नांदणारे भाऊ' अशा अर्थाचं. आपल्या घराण्याची भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला हसू येईल. तरी वाच.

दादाला मेसेज करू नकोस, फोन कर, तोही या रविवारच्या आत. पुढच्या आठवड्यात त्यांचं सामान हलतंय. तू येणार म्हणून मी त्याला काहीही सांगितलेलं नाही. त्याला ते तुझ्याकडून कळू दे. त्यांना तिथे अजून कुणी ओळखत नाही, पोर लहान आहे, आणि पाऊस सारखा पडत असणार. जाताना पोरासाठी खेळणं नेऊ नकोस, त्यांच्याकडे दोन खोकी भरून आहेत. रेनकोट ने, दीड वर्षाच्या मापाचा.

तुझा,
बाबा

ता. क. बेबीआत्याने तुझ्या लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार. तिने तुझा नंबर घेतला आहे. रविवारी सकाळी फोन येईल, उचल.