क्यू-यू-ईवाली नाईक कोण? मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्य निवडणूक अधिकारी,
गोवा राज्य, पणजी.

महोदय,
स. न. वि. वि.

हे पत्र सभ्यपणे लिहायचं असं ठरवून बसले आहे. कितपत जमतं ते बघू.

माझ्या सासूबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. परवा त्यांना भाड्याच्या गाडीत घालून आम्ही तालुक्याच्या गावी नेलं. मतदारयादीच्या विशेष सखोल फेरतपासणीची, म्हणजे एसआयआरची, नोटीस आली होती ना! आपले नाव २००२च्या मतदारयादीशी जुळत नाही, सकाळी साडेदहा वाजता मूळ कागदपत्रांसह सुनावणीला हजर राहावे. याच्या दोनच आठवडे आधी आमच्या गावात एका अधिकाऱ्यांनी माइकवरून सांगितलं होतं, की म्हाताऱ्याकोताऱ्यांना कोणी बोलावणार नाही, आमची माणसं घरी येतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू?

सुनावणी पहिल्या मजल्यावर. लिफ्ट आहे, तिच्यावर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला, आणि तो कागदसुद्धा पिवळा पडलाय. एकवीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण दर तीन पायऱ्यांनी थांबत होतो. वर बाकं दोन आणि माणसं साठ-सत्तर. आमचा नंबर लागला पावणेदोनला. तोवर सासूबाईंनी पाणीही घेतलं नाही, कारण बाथरूम खाली होतं.

टेबलामागे एक पोरगा, माझ्या हाताखाली शिकून गेलेल्यांच्या वयाचा. त्याने संगणकात पाहिलं, म्हणाला, यादीत नाही. मी २००२च्या यादीचा छापील कागद घरूनच नेला होता, त्यावर बोट ठेवलं. हे बघ, हाच गाव, हाच वाडा, नवऱ्याचं नाव हेच. तो म्हणाला, "मॅडम, ही नाईक क्यू-यू-ईवाली, Naique. तुमची केवाली, Naik. आणि वय बघा, हिचं अठ्ठेचाळीस. तुमच्या सासूबाई तेव्हा अठ्ठावन्न. ही दुसरी कोण तरी असतली."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "मगीर हांव कोण रे पुता?"

पोरगा खाली बघत राहिला. त्याचा दोष नाही, हे मलाही कळतं. मग सासूबाईंनी डाव्या हाताची तर्जनी त्याच्यासमोर धरली. २० डिसेंबर २०२५ला जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत त्यांनी मत दिलं होतं. ती शाई नखाबरोबर वाढत वर सरकली होती, मुळाशी पांढरं नख आणि वर काळी पट्टी. एका महिन्यापूर्वी या बाईच्या हातात मतपत्रिका दिली, शिक्का दिला, शाई लावली. तेव्हा ती कोण होती? पोरगा म्हणाला, ते राज्य आयोगाचं, हे वेगळं. साहेब जेवायला गेलेत. पुढची तारीख कळवू.

दिलेल्या कागदांची पोच मागितली, ती मिळाली नाही. गाडीवाल्याला बाराशे रुपये दिले. घरी आल्यापासून सासूबाई सोप्यावर बसून आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताहेत, "म्हजें नांव काडलां." अजून काढलेलं नाही हो, असं मी सांगते. त्या माझ्याकडे अशा बघतात, जसं मीच तुमच्याकडून पगार घेते.

आणि घेतला आहे म्हणा! सांगायची गोष्ट तीच आहे. मी चौतीस वर्षं सरकारी प्राथमिक शाळेत मराठीची शिक्षिका होते. २००२ साली ज्या यादीला तुम्ही आज वेदवाक्य मानता, ती घरोघर जाऊन लिहिणाऱ्यांत मीही होते. आमच्या वाड्याचं काम दुसऱ्या गुरुजींकडे होतं, माझ्याकडे शेजारचा वाडा. पण कसं लिहिलं ते मला विचारा. शाळा सुटल्यावर, उन्हातून, अंगणात उभं राहून. आतून कोणी तरी ओरडून सांगायचं. वय काय? "बरय गो कितेंय, पन्नास बरय." मी पन्नास लिहायचे. एका आजीने सांगितलं, लिबरेशनच्या वेळी माझ्या थोरल्याला मिशा फुटत होत्या. त्यावरून मी गणित करून आकडा टाकला. एका घरात सगळे भाताच्या मळणीला गेलेले, शेजारणीने पाचजणांची नावं आणि वयं सांगितली, मी लिहून घेतली. ते चुकीचं होतं का? होतं. पण तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की चोवीस वर्षांनी हा कागद माणसाच्या मानेवर ठेवणार आहात. सांगितलं असतं तर बाईला चार वेळा वय विचारलं असतं.

त्या यादीप्रमाणे हिशेब करा. सासूबाई २००२ साली अठ्ठेचाळीस, म्हणजे जन्म १९५४चा. माझे यजमान १९६४चे. म्हणजे आमच्या सासूबाईंनी दहाव्या वर्षी मुलगा जन्माला घातला. आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या १९६७च्या सार्वमतात बाराव्या-तेराव्या वर्षी मत दिलं. तुमच्या संगणकाला याचं काही वाटत नाही, वाटतं ते फक्त 'के' आणि 'क्यू'चं.

आडनावाचंही ऐका, तुम्ही गोव्यात काम करता म्हणून. इथे पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते. त्यांनी आमची आडनावं त्यांच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली. नाईक, गावकर, शिरोडकर, देसाई, कामत, एकाही आडनावाचं रोमन स्पेलिंग एकच एक नाही. एका घरात बापाच्या जन्मदाखल्यावर एक, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरं, जमिनीच्या कागदावर तिसरं. त्यात बाई असेल तर लग्नात नावही बदलतं, माहेरची एक आणि सासरची दुसरी. गोव्यात बाईचा दाखला जुळवणं म्हणजे काय, हे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही मामलेदार कचेरीतला शिपाई सांगेल. दिल्लीत बसून ज्यांनी हे मॅपिंग, म्हणजे आजच्या नावाची २००२च्या यादीशी जुळणी, काढलं त्यांना नसेल ठाऊक. तुम्हांला?

आम्हीच एकट्या नाही हेही मान्य. नौदलाचे माजी प्रमुख, ७१च्या युद्धात वीरचक्र मिळवलेले अ‍ॅडमिरल अरुण प्रकाश गोव्यात राहतात. वय ब्याऐंशी, पत्नीचं अठ्ठ्याहत्तर. त्यांनाही बोलावणं गेलं, अठरा किलोमीटरवर, आणि नवरा-बायकोला दोन वेगवेगळ्या दिवशी. त्यांनी ते जाहीरपणे लिहिलं म्हणून देशभर बातमी झाली. माझ्या सासूबाई ट्विटरवर नाहीत.

आता आकडे. मोहीम सुरू झाली तेव्हा गोव्यात सुमारे ११ लाख ८५ हजार मतदार होते. १६ डिसेंबरच्या कच्च्या यादीत जवळजवळ लाखभर कमी झाले. वर दीड लाखाहून जास्त लोकांचं मॅपिंग झालं नाही, त्यांच्यामागे नोटिसा. लाखाला चाळीस मतदारसंघांनी भागा, प्रत्येकी अडीच हजार. त्यांत मेलेले आले, गाव सोडून गेलेले आले, दुबार आले, हे मला कळतं. पण २०२२ची निवडणूक आठवा. सांत आंद्रे ७६ मतांनी. फोंडा ७७. साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी आले, पणजीत ७१६. अडीच हजारांतले शंभर जरी क्यू-यू-ईवाले निघाले तरी दोन आमदार बदलतात. सरासरी काढणं शिक्षकाचा जुना रोग, माफ करा. पण तुम्हीही काढून बघा.

माझा भाचा मला म्हणतो, मावशी, तू भावनेत बोलतेस, साफसफाई नको का? हवी! तुमची ही एसआयआर जाहीर झाली तेव्हा मी त्याच्या बाजूने होते, जाऊबाईंशी भांडले होते. सीमेवरच्या गावांत काय चालतं ते आम्हांला नवीन नाही. एक नाव पलीकडे महाराष्ट्रात दोडामार्गात, एक इकडे, दोन्ही बोटांना शाई. एका खोलीच्या चाळीत पंधरा मतदार, आणि त्या खोलीचा मालक कोणाचा कार्यकर्ता ते सगळ्या वाड्याला माहीत. लिस्बनला जन्मनोंदणी करून पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले लोक ऑगस्टात येतात आणि इथे मत कोणाला द्यायचं ते सांगतात. काढा त्यांची नावं. पण ते शोधायला घाम गाळावा लागतो, आणि सासूबाई घरी सापडतात. पंधरा मतदारांच्या त्या खोलीचे सगळे कागद अगदी जुळतात बरं का! ज्याला खोटं करायचं असतं तो स्पेलिंग चुकवत नाही.

नियम बदलण्याचं तर काय सांगू. २०२२ला ऐंशीच्या पुढच्यांना घरी बसून मत देता येत होतं. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तरला आल्या होत्या, म्हणाल्या, पुढच्या खेपेस माझ्याकडेही पेटी येईल. २०२४ साली त्यांनी ऐंशी गाठली आणि त्याच साली तुमची अट पंच्याऐंशीवर गेली. जशी काही त्यांचीच वाट बघत होती. २०२४च्याच डिसेंबरात मतदान केंद्रावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण सामान्य माणसाला मागता येणार नाही असा नियम झाला. पुढच्या मे महिन्यात ठरलं की कोणी खटला घातला नाही तर ते पंचेचाळीस दिवसांनी पुसून टाकायचं. आमचा कागद चोवीस वर्षं जपायचा आणि तुमचा दीड महिना. निवडणूक आयुक्त नेमायच्या समितीत सरन्यायाधीश असावेत असं सर्वोच्च न्यायालय २०२३च्या मार्चमध्ये म्हणालं. त्याच वर्षी कायदा आला, सरन्यायाधीशांच्या खुर्चीवर मंत्री. आणि आपल्या गोव्यात तर सरकारच्या कायदा सचिवालाच राज्य निवडणूक आयुक्ताचा जादा कार्यभार दिला होता. मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे, सांगे इथल्या पालिका आरक्षणाचा तो खटला. मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ही संविधानाची थट्टा आहे. तेव्हा कोणाला सुनावणीला एकवीस पायऱ्या चढायला लावल्या का?

लिहिता लिहिता राग चढतोय. चढू दे.

कारण मॅपिंग करायचंच असेल तर आमदारांचं करा की! २०१७ला लोकांनी काँग्रेसचे सतरा निवडून दिले, भाजपचे तेरा, आणि सरकार तेरांचं झालं. २०१९च्या जुलैत उरलेल्या पंधरांतले दहा एका रात्रीत पलीकडे. २०२२ला निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना बसमध्ये भरून देवळात, बांबोळीच्या क्रुसाजवळ आणि बेतीच्या दर्ग्यात नेलं, पक्ष सोडणार नाही म्हणून शपथा घेतल्या. सप्टेंबरात अकरांतले आठ गेले. दोन तृतीयांश असले की कायद्यात बसतं म्हणे. म्हणजे आठजण मिळून गेले तर विलीनीकरण, आणि एक म्हातारी एका 'के'वरून अडकली तर संशयित. मत दिलं हाताला, गेलं कमळाला. याला मतचोरी म्हणायचं नाही, कारण यात शाई खरी असते.

सासूबाईंनी पहिलं मत १६ जानेवारी १९६७ला दिलं, सार्वमतात. बावीस वर्षांच्या होत्या, माझे यजमान कडेवर. आमचं घर मराठीचं, विलीनीकरणाचं. त्यांनी विलीनीकरणाच्या खुणेवर, फुलावर मत दिलं. वेगळ्या गोव्याची खूण, दोन पानं जिंकली, ३४ हजार २१ मतांनी. हा आकडा त्यांना अजून पाठ आहे, स्वतःची जन्मतारीख विसरतील पण हा नाही. सासरे दोन दिवस जेवले नाहीत म्हणतात. पण मोजणी खोटी झाली असं आमच्या घरात कधी कोणी बोललं नाही. हरलो तर हरलो. मला विचाराल तर तेवढं जमायला यादीवर आणि मोजणाऱ्यावर विश्वास लागतो. माझ्या भाच्याच्या पिढीत तो राहिलेला नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो. एक म्हणतो यंत्र खोटं, दुसरा म्हणतो यादी खोटी, तिसरा म्हणतो हरलेले रडतात. जेवणावर एवढी भांडणं होतात की हुमण थंड होतं.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे सासूबाईंच्या खात्यात येतात. दरवर्षी त्या जिवंत असल्याचा दाखला आम्ही देतो. तिथे सरकारला त्या कोण ते पटतं, आणि आडनावही चालतं.

मागणं थोडंच आहे. ऐंशीच्या पुढच्या कोणालाही बोलावू नका, माइकवर कबूल केलं तसं घरी या. जो कागद घ्याल त्याची सही-शिक्क्यानिशी पोच द्या. आणि गोव्यात आडनावाच्या स्पेलिंगवरून कोणाचंही नाव अडवायचं नाही, असा एका ओळीचा लेखी हुकूम काढा. तुमच्या कचेरीत टंकायला पाच मिनिटं लागतील, माझ्या हातून हे पत्र लिहायला दोन रात्री गेल्या.

पुढची तारीख अजून आलेली नाही. आली तर आम्ही येणार नाही, तुम्ही या. घर सोपं आहे, देवळाच्या तळीवरून डाव्या हाताला, समोर फणस. बीएलओ, म्हणजे तुमची घरोघर फिरणारी मतदान केंद्र अधिकारी मुलगी, तिला विचारा, ती संध्याकाळी बॅटरी घेऊन तीनदा येऊन गेली, तिला वाट पाठ आहे. सासूबाई सोप्यावरच असतात. उजव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा डावीकडे बसा. आणि जरा लवकर या, शाई नखाच्या टोकाला पोचली आहे, पुढच्या रविवारी मी त्यांची नखं कापणार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
मतदार (आजच्या तारखेपर्यंत)